नांगराची निशाणी ते ‘मान्य आहे’ : नगर जिल्ह्यातील १८७५ चा उठाव आणि आपल्या हातातील स्मार्टफोन

१/
१८७५ च्या मे-जून महिन्यांत पारनेर, श्रीगोंदा, नगर आणि कर्जत या तालुक्यांतील कित्येक गावांत शेतकऱ्यांचे जमाव सावकारांच्या दारांत उभे राहिले. बहुतेक ठिकाणी त्यांची पहिली मागणी एकच होती : आमचे रोखे बाहेर काढा. रोखे हाती आले की त्यांची होळी होई आणि जमाव पांगे. ज्याने कागद निमूटपणे दिले, त्या सावकाराला सहसा इजा झाली नाही.

मित्रहो, आजचा धागा या कागदाविषयी आहे. स्मार्टफोनची किंमत, त्यातील बंदिस्त इकोसिस्टीम आणि तंत्रज्ञान कंपन्यांवरील सरकारी नियंत्रण यांविषयी आपण सारेच हिरिरीने वाद घालतो. या वादाच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र नगर जिल्ह्याने दीडशे वर्षांपूर्वीच विचारला होता : दुसरी वाट नसताना केलेली सही ही खरोखर संमती असते काय?

२/
प्रथम त्या काळाची पार्श्वभूमी पाहू. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि ब्रिटनच्या गिरण्यांना मिळणारा तिकडचा कापूस आटला. मुंबई इलाख्यातील कापसाला सोन्याचा भाव आला. दख्खनच्या शेतकऱ्याला सावकार हवे तितके कर्ज देऊ लागला, कारण वसुलीची खात्री होती. १८६५ मध्ये युद्ध संपले, अमेरिकेचा कापूस बाजारात परतला आणि इकडचे भाव कोसळले. पाठोपाठ काही तालुक्यांत जमीनमहसुलाची फेरआकारणी झाली. सारा पन्नास ते शंभर टक्क्यांपर्यंत वाढल्याची उदाहरणे आहेत. उत्पन्न घटले, सारा वाढला आणि सुकाळात सहज मिळणारे कर्ज मिळेनासे झाले. नवे कर्ज मिळालेच तर ते सावकाराच्या अटींवर.

३/
या अटी लिहिल्या जात त्या रोख्यावर. कुणब्याला अक्षरओळख नसे. लिहिणारा सावकाराचा माणूस आणि वाचून दाखवणाराही तोच. मजकुराखाली कुणबी नांगराचे चित्र काढी, ती त्याची निशाणी. आपण कशाखाली नांगर काढला हे त्याला कित्येकदा कळे ते थेट न्यायालयाचा हुकूम दारात आल्यावर.

नव्या ब्रिटिश न्यायव्यवस्थेत कागदाचे वजन फार मोठे होते. जुन्या काळी व्याज किती वाढू द्यावे याला ‘दामदुपटी’ची मर्यादा असे, एकूण व्याज मुद्दलाहून अधिक मागू नये, हा तो संकेत. नव्या न्यायालयात मात्र रोख्यावरील आकडा हेच सत्य ठरू लागले. शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज लावल्याचे एक प्रकरण पुढे चौकशी आयोगासमोर आले.

४/
येथे एक विलक्षण गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. १८५९ मध्ये सरकारने मुदतीचा कायदा केला. सावकार आणि रयत यांच्यातील रोखा तीन वर्षेच वैध राहील, असे त्यात होते. व्याज वर्षानुवर्षे साचू नये, हा त्यामागचा हेतू. प्रत्यक्षात काय झाले? दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा लिहून घेऊ लागला. मागील मुद्दल अधिक थकलेले व्याज ही नव्या रोख्यातील मुद्दलाची रक्कम झाली आणि तिच्यावर पुन्हा व्याज सुरू झाले. संरक्षणासाठी केलेला कायदाच चक्रवाढीचे यंत्र बनला.

नियंत्रणाच्या इतिहासातील हा पहिला धडा ध्यानात ठेवावा : बलवान पक्ष कायदा मोडतोच असे नाही, बहुतेक वेळा तो कायद्याच्या आतच नवी वाट शोधतो.

५/
उठावाच्या आधी बहिष्कार झाला, हे पाठ्यपुस्तकातील एका ओळीमुळे आपल्या ध्यानात राहत नाही. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील करडे या गावी लोकांनी सावकारांशी व्यवहार तोडले. त्यांची शेते करायची नाहीत, त्यांच्या घरी चाकरी करायची नाही, असे ठरले. ही लाट पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरली. आजच्या भाषेत सांगायचे, तर ग्राहकांनी सेवा देणाऱ्याला नाकारले.

मग बहिष्कार पुरेसा का ठरला नाही? कारण नाकारल्यावर जायचे कोठे? साऱ्याचा हप्ता ठरलेल्या दिवशी रोख भरावा लागे आणि रोख रक्कम फक्त सावकाराजवळ होती. पर्याय नसेल तर बहिष्काराचा भार बहिष्कार घालणाऱ्यावरच पडतो.

६/
१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी जमावाने सावकारांची दुकाने व घरे फोडली. तेथून आग नगर जिल्ह्यात आली. तीसहून अधिक गावे या उठावात सापडली आणि ९५१ जणांना अटक झाली. बाहेरून येऊन स्थायिक झालेले मारवाडी आणि गुजर सावकार हे रोषाचे मुख्य लक्ष्य ठरले, हे नोंदवायला हवे. त्यात अन्यायाची चीड होती, तशी परकेपणाची भावनाही होती. कर्जाचे जाळे मात्र कोणा एका जातीने विणले नव्हते. ते सारा, न्यायालय आणि बाजार या तिघांच्या धाग्यांचे होते.

सरकारने चौकशी आयोग नेमला. आयोगाने सावकारीवर बोट ठेवले, पण वाढीव सारा हे उठावाचे कारण असल्याचे मान्य करण्यास सरकार तयार नव्हते. पंचाच्या खुर्चीवर बसलेला स्वतःही या व्यवहारातील एक वाटेकरी होता.

७/
तरीही १८७९ मध्ये जो कायदा झाला, तो त्या काळाच्या मानाने धाडसी होता. ‘दख्खन शेतकरी साहाय्य कायदा’ पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी केला गेला. ‘ग्राहक’ हा शब्द त्यात नव्हता. पण त्यातील तरतुदी आज वाचल्या, तर ग्राहक संरक्षणाचा मसुदाच वाचतो आहोत असे वाटते.

न्यायालयाने रोख्यावरील आकड्यावर न थांबता कर्जाचा पहिल्यापासूनचा इतिहास तपासावा. व्याजाचे मुद्दलात केलेले रूपांतर हिशेबात धरू नये. कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकू नये. त्याचा दस्त गावच्या निबंधकासमोर लिहिला जावा आणि मोठ्याने वाचून दाखवला जावा. सावकाराने पावती द्यावी, वर्षाचा हिशेब द्यावा, मागितल्यास खातेपुस्तक द्यावे. सहीच्या मागे जाऊन संमती खरी होती का, हे पाहण्याचा अधिकार कायद्याने न्यायालयाला दिला.

८/
या कायद्याचा आणखी एक विशेष आहे. त्याने न्याय गावाजवळ आणण्याचा प्रयत्न केला. लहान दाव्यांसाठी गाव-मुन्सफ, दावा न्यायालयात जाण्यापूर्वी समेट घडवण्यासाठी तडजोड-पंच, दस्त लिहिण्यासाठी गाव-निबंधक. श्रीगोंद्याच्या शेतकऱ्याला आपली बाजू मांडण्यासाठी शेत सोडून दूरच्या न्यायालयात खेटे घालावे लागतात आणि म्हणूनच निकाल त्याच्या गैरहजेरीत लागतो, हे सरकारच्या ध्यानात आले होते.

सारे सुरळीत झाले असे मात्र नाही. तडजोड-पंचांच्या कामावर टीका झाली आणि ती व्यवस्था पुढे बंद पडली. कर्ज मिळणे अवघड झाले, कारण धोका वाढला असे सावकार म्हणू लागले. काहींनी गहाणखताऐवजी सरळ खरेदीखतच लिहून घेण्याची युक्ती काढली. कागदावर विक्री, प्रत्यक्षात कर्ज. तो ‘विक्री’चा बुरखा दूर करता यावा, म्हणून कायद्यात पुन्हा दुरुस्ती करावी लागली.

९/
आता दीडशे वर्षे पुढे येऊ. नवा फोन सुरू केला की कित्येक पाने अटी येतात आणि खाली एक बटण असते : ‘मान्य आहे’. नाकारले तर फोन नीट चालत नाही. साक्षर माणूसही ते वाचत नाही. वाचले तरी त्यातील एक अट वगळून बाकीच्या मान्य करण्याची सोय नसते. हे बटण म्हणजे आपली नांगराची निशाणी.

तुलना ताणू नये, हेही तितकेच खरे. फोनमुळे कोणाची जमीन जात नाही, आणि रयतेला कर्जातून जी अवकळा आली तिच्याशी ॲपच्या अटींची बरोबरी नाही. साम्य आहे ते रचनेत : मजकूर एकाच पक्षाने लिहिलेला, दुसऱ्याकडे फक्त होकार, आणि बाहेर पडण्याची किंमत इतकी की आत राहणेच सोयीचे वाटावे.

१०/
बाहेर पडण्याच्या किमतीचे उत्तम उदाहरण आपल्या मोबाइल क्रमांकाचे आहे. ३१ जुलै १९९५ रोजी भारतात पहिला मोबाइल संवाद झाला. त्या सुरुवातीच्या वर्षांत मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या फोनचेही पैसे द्यावे लागत. १९९७ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, स्थापन झाले. २००३ पासून येणारे फोन मोफत झाले. स्पर्धा वाढली, दर उतरले. तरी एक कुंपण शिल्लक होते : कंपनी बदलायची तर क्रमांक सोडावा लागे. ज्या दुकानदाराने आपला क्रमांक पाटीवर रंगवला, ज्या डॉक्टरचा क्रमांक गावोगावी पाठ आहे, तो वाईट सेवा सहन करी, पण क्रमांक सोडत नसे.

२० जानेवारी २०११ रोजी देशभर क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय झाली. दर ठरवून न देताही नियामकाने ग्राहकाच्या हाती बळ दिले. त्याने फक्त दार उघडले.

११/
कुंपण कधी भेट म्हणूनही येते. २०१५ मध्ये फेसबुकने ‘फ्री बेसिक्स’ नावाची योजना पुढे आणली : काही निवडक संकेतस्थळे फुकट, बाकीच्या इंटरनेटला पैसे. तिच्या समर्थनासाठी कंपनीच्या प्रमुखाने लिहिलेल्या लेखात उदाहरण होते महाराष्ट्रातील एका शेतकऱ्याचे, ज्याला या सेवेतून हवामान आणि बाजारभाव कळत होते.

शेतकऱ्याला बाजारभाव फुकट कळला तर वाईट काय, हा प्रश्न रास्त होता. उत्तर असे की कोणता बाजारभाव आणि कोणाचे संकेतस्थळ दिसावे हे वाटणारा ठरवणार होता. सुकाळातील सावकारही कर्ज उदार हाताने देई. दोर आवळला गेला तो नंतर. इंटरनेट सर्वांना समान मिळावे यासाठी त्या वर्षी ट्रायकडे दहा लाखांहून अधिक ई-मेल गेले. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने मजकुरानुसार वेगवेगळे डेटादर आकारण्यास बंदी घातली. एवढ्या मोठ्या संख्येने सामान्य ग्राहकांनी दूरसंचाराच्या नियमाविषयी मत नोंदवल्याचे उदाहरण आपल्याकडे विरळाच.

१२/
पुढचा सामना झाला तो अँड्रॉइडच्या अंगणात. २०१८ मध्ये कायद्याच्या तिघा तरुण अभ्यासकांनी भारतीय स्पर्धा आयोगाकडे गूगलविरुद्ध तक्रार केली. फोन बनवणाऱ्या कंपनीला प्ले स्टोअर हवे असेल, तर गूगलची इतर ॲपही आधीपासून बसवून द्यावी लागत. २० ऑक्टोबर २०२२ रोजी आयोगाने गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला आणि ही सक्ती सोडण्यास सांगितले. मार्च २०२३ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, मात्र आयोगाचे चार निर्देश रद्द केले. दरम्यान गूगलने भारतात शोधयंत्र निवडण्याची मुभा आणि ॲप सुटी सुटी घेण्याची सोय जाहीर केली होती.

गूगलच्या बाजूने होणारा युक्तिवाद ग्राहकालाही पटण्याजोगा आहे : अँड्रॉइड फोन बनवणाऱ्यांना फुकट मिळते, म्हणूनच फोन स्वस्त मिळतात. हे खोटे नाही. प्रश्न इतकाच, की कमी किमतीची उरलेली रक्कम आपण कशातून फेडतो आणि तिचा हिशेब आपल्याला कोणी देतो काय?

१३/
मुदतीच्या कायद्याचा धडा येथेही लागू पडतो. प्ले स्टोअरवरील खरेदीचे पैसे गूगलच्याच पद्धतीने घ्यावे लागत. त्याविरुद्ध आयोगाने २५ ऑक्टोबर २०२२ रोजी ९३६.४४ कोटींचा दुसरा दंड केला. न्यायाधिकरणाने पुढे तो बराच कमी केला. गूगलने दुसऱ्या पद्धतीने पैसे घेण्याची मुभा दिली, पण तसे केल्यास तिचे शुल्क फक्त चार टक्के-बिंदूंनी कमी होणार होते : जेथे तीस टक्के होते तेथे सव्वीस. पैसे स्वीकारण्याची दुसरी व्यवस्था चालवण्याचा खर्च ॲप बनवणाऱ्यालाच. दार उघडे दिसते आणि उंबरठा उंच राहतो. खरेदीखताच्या बुरख्याची आठवण होते ती याचमुळे.

आणि पंचही वाटेकरी असतो, याचेही उदाहरण आहे. १ एप्रिल २०२० पासून मोबाइल फोनवरील वस्तू व सेवा कर १२ वरून १८ टक्के झाला. फोन महाग का, या चर्चेत आपण कंपन्यांची नावे घेतो. सरकारचा वाटा क्वचितच कोणी मोजतो.

१४/
सर्वांत थेट वारसा मात्र कर्जाच्या ॲपचा आहे. काही मिनिटांत कर्ज, अवाजवी शुल्क, आणि हप्ता चुकला की फोनमधील संपर्कयादीतील नातलगांना धमक्या : करोनाच्या काळात अशा ॲपविषयी देशभरातून तक्रारी आल्या. रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. कर्जाचा एकूण वार्षिक खर्च एका पत्रकात आधीच सांगावा. पैसे थेट कर्जदाराच्या खात्यात जावेत. कर्ज घेतल्यानंतर विचार बदलण्यासाठी काही अवधी असावा. संपर्कयादी आणि छायाचित्रे यांना ॲपने हात लावू नये.

१८७९ च्या कायद्यातील पावती, वार्षिक हिशेब आणि मोठ्याने वाचून दाखवलेला दस्त यांच्या शेजारी ही यादी ठेवून पाहा. कागदाची जागा पडद्याने घेतली. माहिती लपवण्याची जागा तीच आहे.

१५/
महाराष्ट्राला ग्राहक चळवळीचा स्वतःचा वारसा आहे. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायत सुरू केली. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. २४ डिसेंबर १९८६ हा ग्राहक संरक्षण कायद्याचा दिवस. २०१९ च्या नव्या कायद्यात प्रथमच ‘अन्यायकारक करार’ ही संकल्पना आली. ग्राहकाच्या हक्कांना बाधक ठरणारी, अवाजवी बोजा टाकणारी अट रद्द करता येते, जरी आपण ‘मान्य आहे’ दाबले असले तरी. १८७९ मध्ये चार जिल्ह्यांच्या शेतकऱ्यांना मिळालेले तत्त्व देशातील प्रत्येक ग्राहकापर्यंत पोहोचले.

पण एक मेख आहे. सदोष फोनची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते. अन्यायकारक कराराची तक्रार ऐकण्याचा आणि अट रद्द करण्याचा अधिकार मात्र फक्त राज्य आणि राष्ट्रीय आयोगाला आहे. फोन बिघडला तर दाद नगरमध्ये. फोनच्या अटी बिघडलेल्या असतील तर जिल्ह्याबाहेर.

१६/
आता ऑनलाइन तक्रार दाखल करता येते, हे खरे. तरी वीस हजारांच्या फोनमधील एका अटीसाठी राज्य आयोगासमोर वकील कोण उभा करणार? ज्या जिल्ह्यासाठी १८७९ मध्ये गाव-निबंधक, गाव-मुन्सफ आणि तडजोड-पंच निर्माण केले गेले, तेथील माणसाला आज सर्वांत मोलाचा हक्क सर्वांत लांब ठेवलेला दिसतो.

म्हणून फोन, ॲप आणि नियंत्रण यांविषयीच्या चर्चेत दोन प्रश्न नेहमी विचारावेत. नियमाने बाहेर पडण्याचे दार खरोखर उघडले आहे काय? आणि दाद मागण्याची जागा ग्राहकाच्या आवाक्यात आहे काय? क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याच्या सोयीने पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असे दिले. दुसऱ्याचे उत्तर देण्यासाठी अन्यायकारक करार तपासण्याचा अधिकार जिल्हा आयोगालाही देणे, ही कायद्यातील लहानशी दुरुस्ती आहे. पारनेर-श्रीगोंद्याच्या शेतकऱ्यांना त्यांचा कायदा मिळण्यापूर्वी रोख्यांची होळी आणि तुरुंग पाहावा लागला. आपल्याला मागणी करण्यासाठी सनदशीर मार्ग मोकळे आहेत. २०१५ च्या त्या ई-मेलांनी ते चालतात हे दाखवून दिले आहे.

धागा समाप्त. आपल्या गावात १८७५ च्या आठवणी, जुने रोखे किंवा ‘निशाणी नांगर’ असलेले दस्त जपलेले असतील, तर खाली जरूर लिहा. मात्र कागदाचे छायाचित्र टाकताना त्यावरील कुटुंबाची संमती घ्या. या वेळी खरी संमती.